हातमोजे घातलेल्या बायका

भुताखेतांच्या, चेटकिणींच्या गोष्टी मुलांच्या हाती देऊ नयेत, हे माझं मत वर्षानुवर्षं पक्कं होतं. पालकसभेत मी ते मांडत असे, शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडताना पाळतही असे. आता ते मत राहिलेलं नाही. का राहिलं नाही ते नीट सांगायला हवं, कारण माझ्या शब्दावर भरवसा ठेवून काही आईवडिलांनी अशी पुस्तकं घरातून काढून टाकली होती.

मी नाशिकला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात तरुणपणापासून आहे. या कामामुळेच सातपुड्यात जाणं झालं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर 'डाकीण' ठरवलेल्या बायकांशी मी बोलले आहे. कुणाचं मूल तापाने जातं, कुणाची जनावरं मरतात, घरातले भगताकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, जातात आणि भगताचं बोट एका बाईकडे वळतं. बहुतेकदा ती विधवा असते, किंवा एकटी राहणारी असते, किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. मग तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, कधी जीवच घेतला जातो. शहरातही हे आहेच. तिथे ते 'करणी' या नावाने जिन्यात आणि गॅलरीत कुजबुजलं जातं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी, चेटूक करते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या कायद्यासाठी किती वर्षं घासावी लागली आणि शेवटी काय किंमत मोजावी लागली, हे ज्याने जवळून पाहिलं त्याला चेटकीण म्हटलं की परीकथा आठवत नाही. मला त्या बायकांचे चेहरे आठवत.

अशा वेळी माझ्यासमोर रोआल्ड डाल या इंग्रजी लेखकाचं 'द विचेस' (चेटकिणी) हे मुलांचं पुस्तक आलं.

आणणारा माझ्या बहिणीचा मुलगा. वय वर्षं नऊ. बहीण आणि मेहुणे दोघेही नोकरीवर, त्यामुळे तो माझ्या आईजवळ, म्हणजे त्याच्या आजीजवळ, वाढलेला. पुस्तक वर्गातल्या कुणीतरी दिलं होतं. इंग्रजी त्याला वाचता येतं. पण हे एकट्याने वाचायचं धाडस होत नव्हतं आणि न वाचता परत द्यायचंही नव्हतं. मी म्हटलं, आधी मी वाचते. मनात खरं म्हणजे नकाराची कारणं जमवायची होती.

ती पहिल्याच प्रकरणात भरपूर मिळाली. हे पुस्तक 1983 मधलं, चित्रं क्वेंटिन ब्लेकची. डाल सुरुवातीलाच सांगतो की खऱ्या चेटकिणी काळे झगे आणि टोकदार टोप्या घालत नाहीत. त्या साध्या कपड्यांत, साध्या घरांत राहतात, साध्या नोकऱ्या करतात आणि चारचौघींसारख्याच दिसतात. कुठलीही बाई चेटकीण असू शकते. पुढे गोष्टीतल्या मुलाची नॉर्वेची आजी त्याला चेटकिणींच्या खुणा सांगते. त्या उन्हाळ्यातही हातमोजे घालतात, कारण बोटांना नखांऐवजी नख्या असतात. डोक्याला टक्कल असतं म्हणून टोप घालतात. पायांना बोटं नसतात, थुंकी निळी असते. हे वाचताना मी संतापले. शेजारची बाई वरून साधी दिसते पण आतून वेगळी आहे, आणि ती ओळखायच्या खुणा अमुक अमुक आहेत, ही तर थेट भगताची भाषा!

संतापाला आणखी एक कारण होतं. ही आजी नॉर्वेची आहे, कारण डालचे आईवडील नॉर्वेचे. त्याचा जन्म वेल्समधला, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या नॉर्वेत जायच्या. आणि नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, फिनमार्क प्रांतात, सतराव्या शतकात चेटकिणी ठरवून 91 माणसांना मारण्यात आलं. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. 1662-63 च्या खटल्यांत लहान मुलींनाही ओढलं गेलं. तिथल्या वार्डो गावात समुद्रकाठी 2011 मध्ये या बळींचं स्मारक उभं राहिलं. वास्तुरचनाकार पीटर झुमथोर याने एक लांबच लांब अंधारा बोळ बांधला आहे आणि त्यात 91 खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा, बाजूला त्या व्यक्तीची हकिकत. शेजारच्या दालनात लुईझ बूर्ज्वा या शिल्पकर्तीने एक लोखंडी खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर आग सतत जळत असते आणि भोवती आरसे आहेत. हे मी फोटोंत पाहिलं आहे, वाचलं आहे. धडगाव आणि वार्डो यांच्यात अंतर केवढं, पण बोट दाखवण्याची रीत तीच. ज्या देशात हे घडलं त्याच देशाच्या आजीच्या तोंडून पोरांना चेटकिणीच्या खुणा शिकवायच्या?

माझ्यासारखी तक्रार करणारे जगभर होते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघटनेने 1990 च्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची यादी केली, तीत हे पुस्तक आहे. धार्मिक लोकांना त्यात जादूटोण्याची भलामण दिसली. स्त्रीवादी वाचकांना बायकांचा द्वेष दिसला. डालच्या ज्यूद्वेषी उद्गारांबद्दल तर त्याच्या कुटुंबाने 2020 मध्ये माफी मागितली. तेव्हा नकारासाठी कारणांची वाण नव्हती.

तरी मी पुस्तक बंद केलं नाही, याला कारण सोल्व्हेग नावाची मुलगी.

चेटकिणींनी पळवलेल्या मुलांच्या हकिकती आजी सांगते, त्यातली ही एक. सोल्व्हेगच्या घरी भिंतीवर एक तैलचित्र आहे. एका शेतघराच्या अंगणात बदकं, असं काहीसं. एके दिवशी मुलगी नाहीशी होते. शोधाशोध चालू असताना तिचे वडील चित्राकडे बोट दाखवतात. सोल्व्हेग तिथे आहे, बदकांना खाऊ घालते आहे. रंगवलेली. दुसऱ्या दिवशी ती चित्रात दुसऱ्या जागी असते, कधी घराच्या आत खिडकीशी. कुणी तिला हलताना पाहत नाही. वर्षं जातात, चित्रातली मुलगी मोठी होते, म्हातारी होते, आणि चोपन्न वर्षांनी चित्रातून दिसेनाशी होते. एवढंच. दोन पानांचाही ऐवज नाही. आरडाओरडा नाही, रक्त नाही, बदला नाही, उलगडा नाही. त्या रात्री मी ते चित्र डोक्यातून काढू शकले नाही. मूल गमावलेल्या आईवडिलांचं दुःख इतक्या कमी शब्दांत मी क्वचितच वाचलं आहे. पुढे कळलं की डालची मुलगी ऑलिव्हिया सात वर्षांची असताना, 1962 मध्ये, गोवराने मेंदूला सूज येऊन गेली. त्याची मोठी बहीणही त्याच्या लहानपणी सात वर्षांचीच गेली होती. या माहितीने गोष्टीचा अर्थ लावावा असं मी म्हणत नाही. पण हा माणूस मुलांना उगाच घाबरवत नव्हता, एवढं माझ्या लक्षात आलं.

मग मी भाच्याला पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. रोज रात्री थोडं थोडं, जमेल तसं मराठीत सांगत.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी लेखक वाचणाऱ्या मुलाला सांगतो की आत्ता हे पुस्तक तुला वाचून दाखवणारी तुझी लाडकी शिक्षिकाही चेटकीण असू शकेल. मी शिक्षिकाच. ते वाक्य मी सांगितलं आणि मुलाने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर खरोखर निरखून पाहिलं. पुढे आजीने सांगितलेल्या खुणा ऐकल्यावर तो म्हणाला, "मावशी, हात दाखव." मी दोन्ही हात पुढे केले. त्याने नखं पाहिली. "केस ओढू?" ओढले. "आता पायाची बोटं." तीही मोजून घेतली. मग गादीवर आडवा होत म्हणाला, "हां, वाच पुढे."

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्कूटरवरून भाजीबाजारात नेलं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुचाकीवरच्या बायका कशा असतात ते सांगायला नको. डोकं-चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला, हातांना दंडापर्यंत मोजे. सिग्नलला आमच्या चहूकडे अशा सगळ्या थांबलेल्या. मला धसका बसला, कारण नेमकी हीच भीती घेऊन मी एवढी वर्षं बोलत होते. भाचा मागून हळूच म्हणाला, "सगळ्याच!" बाजारात आमच्या पुढे एक ताई भेंडी निवडत होत्या. त्यांनी हातमोजे काढले. भाच्याने त्यांची बोटं पाहिली आणि माझ्या कानात म्हणाला, "या नाहीत." त्याच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती.

त्या वाक्याने माझ्या मताला पहिला तडा गेला. या मुलाने एक विधान ऐकलं, ते पडताळायची पद्धत काढली, पडताळून पाहिलं आणि आलेला निष्कर्ष मान्य केला. मी वर्गात जे शिकवायला धडपडते ते हेच. डाकीण ठरवणाऱ्या गावात हे कधीच होत नाही. तिथे खूण जुळली नाही तरी बाई सुटत नाही; ती फार हुशार आहे, तिने खूण लपवली, असंच म्हणतात. पडताळणीला तिथे दारच नसतं. पुस्तकात ते दार उघडं असतं, कारण मुलाला आतून पुरतं ठाऊक असतं की ही गोष्ट आहे. तो घाबरतो, आणि घाबरण्याचा खेळ आपण खेळतो आहोत हेही त्याला कळत असतं. या दोन गोष्टी एका वेळी मनात धरण्याची मुलांची ताकद मी कधी जमेसच धरली नव्हती.

खरं तर माझ्या स्वतःच्या बालपणात ती ताकद पुरेपूर होती. आमच्या घरी 'चांदोबा' मासिक येई. त्यात दर महिन्याला विक्रम राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून निघे आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगे. शंकर यांनी काढलेलं ते चित्र, तलवार घेतलेला राजा आणि खांद्यावरचं ते लोंबणारं पांढरं शरीर, माझ्या पिढीतल्या लाखो मुलांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे आम्ही वेताळाला नवस बोलायला लागलो नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाटकातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगमंचावर आणली आणि सभागृहातली पोरं किंचाळत, आईला बिलगत, पुन्हा डोकावून बघत. पुढे हे नाटक नव्याने आलं आणि वैभव मांगले चेटकीण झाले, तेव्हा त्या पोरांची पोरं तशीच किंचाळली. मोठ्यांसाठी अस्सल भयकथा लिहिणाऱ्या मतकरींनी मुलांच्या रंगभूमीसाठी आयुष्य वेचलं, याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. या माणसाला भीती कुणाला किती आणि कशी द्यायची हे कळत होतं.

मग मुलांच्या मनात भीती पेरतं कोण? याचं उत्तर मला पुस्तकं सोडून आमच्या जेवणाच्या टेबलाशी मिळालं. "खा पटकन, नाहीतर बागुलबुवा येईल." "अंधारात गेलास तर तो पोत्यातला बाबा धरेल." "त्या झाडाखालून जाऊ नकोस." ही वाक्यं आम्ही शिकलेली माणसं सर्रास म्हणतो. माझ्या घरीही म्हटली जात, आणि मी त्यांवर कधी पालकसभा घेतली नाही. या भीतीला गोष्ट नसते. सुरुवात नाही, शेवट नाही, मुलाने काही करावं अशी जागा नाही. ती मोठ्यांच्या सोयीसाठी असते, मुलाने निमूट ऐकावं म्हणून. भगताचं राज्यही अशाच भीतीवर चालतं; तू काही करू शकत नाहीस, मी सांगतो ते कर. 'द विचेस'मध्ये याच्या बरोबर उलट घडतं. बोर्नमथच्या हॉटेलात चेटकिणी मुलाला उंदीर करून टाकतात. आकार गेला, हात गेले, शाळा गेली. आणि त्या एवढ्याशा देहाने तो त्यांच्या म्होरकीच्या खोलीतून औषधाची बाटली पळवतो, स्वयंपाकघरात शिरतो, शेपटीचं टोक गमावतो आणि चेटकिणींच्या सूपमध्ये ते औषध ओततो. कुणी मांत्रिक येत नाही, ताईत नाही, उतारा नाही. आहे ती एक म्हातारी आजी, सिगार ओढणारी, एका हाताचा अंगठा नसलेली. तो कसा गेला हे ती शेवटपर्यंत सांगत नाही. ती नातवाला धोका काय आहे ते स्पष्ट सांगते आणि त्याच्यावर विश्वास टाकते.

पण माझं मत खरोखर उलटलं ते शेवटच्या पानांशी.

मुलगा पुन्हा माणूस होत नाही. तो उंदीरच राहतो. 1990 मध्ये निकोलस रोगने यावर चित्रपट केला, त्यात शेवटी मुलगा पुन्हा माणूस होतो, आणि डालला तो शेवट मुळीच पसंत पडला नाही. पुस्तकात तो आजीला विचारतो, मी किती वर्षं जगेन? आजी खोटं बोलत नाही. साधा उंदीर तीन वर्षं जगतो, तू माणूस-उंदीर आहेस, तेव्हा नऊएक वर्षं. मुलगा खूश होतो. आजी शहाऐंशी वर्षांची आहे. म्हणजे आपण दोघं साधारण बरोबरच जाऊ. तुझ्यानंतर मला राहायचंच नाही, अशा अर्थाचं तो बोलतो.

हे सांगताना माझा आवाज अडकला. भाचा गप्प होता. मग त्याने विचारलं, "आजी किती वर्षांची आहे?" माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, नुकतीच अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेली. त्या दिवसांत आम्ही सगळ्यांनी त्याला काय सांगितलं होतं? आजी तपासणीला गेली आहे, काही झालेलं नाही, तू अभ्यास कर. मी, सगळ्याला कारण द्यावं असं मानणारी, मीही तेच सांगितलं होतं. वय सांगितल्यावर तो बोटांवर हिशेब करत राहिला आणि म्हणाला, "मी मोठा होईन तेव्हा ती नसेल ना?" त्या रात्री आम्ही हृदयाबद्दल, त्यात बसवलेल्या स्टेंटबद्दल, माणसं म्हातारी होण्याबद्दल आणि जाण्याबद्दल बोललो. तो रडला. मग उठून आजीच्या खोलीत जाऊन झोपला.

ही भीती पुस्तकाने त्याला दिली नव्हती. ती रुग्णालयाच्या दिवसांपासून त्याच्याजवळ होती आणि आम्ही मोठी माणसं तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतो. चेटकिणीच्या गोष्टीने त्याला ती बोलून दाखवायला जागा दिली. विज्ञानाची माझी कुठलीही तासिका हे करू शकली नसती, कारण मी प्रश्नाची वाट पाहते, आणि हा प्रश्न त्याला नुसता विचारता येत नव्हता.

पूर्ण मत बदललं आहे का? नाही. चेटकीण नेहमी बाईच असते, हे डालचं म्हणणं मला आजही खटकतं, आणि मी ते वाचताना थांबून सांगते. टोप घालणाऱ्या बाईचे केस ओढून बघ, हा विचार कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या बाईच्या बाबतीत किती क्रूर आहे, हेही सांगितलं. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या प्रकाशकांनी डालच्या पुस्तकांत शेकडो बदल केले, त्यात या पुस्तकात बायकांनी टोप घालण्याला इतरही कारणं असतात असं एक वाक्य घुसवलं, आणि चेटकीण दुकानात कॅशियर असू शकते याऐवजी मोठी शास्त्रज्ञ असू शकते असं केलं. मोठा गदारोळ झाला, तेव्हा जुना मजकूरही उपलब्ध राहील असं त्यांनी जाहीर केलं. त्या बदलांमागची काळजी मला कळते. पण ते वाक्य पुस्तकात छापण्यापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाने बोलावं. माझ्या भाच्याशी त्यावरून जे बोलणं झालं, त्यात मी त्याला धडगावच्या बायकांबद्दल प्रथमच सांगितलं, वार्डोच्या खिडक्यांबद्दलही. त्याने विचारलं, "त्यांची बोटं कुणी बघितली नाहीत?" मी म्हटलं, कुणी नाही.

आता शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक आहे, आणि सोबत मतकरींची बालनाटकंही मागवली आहेत. ज्या पालकांना मी पूर्वी उलट सांगितलं होतं, त्यांना एवढीच विनंती आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती असं पुस्तक देऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नका. शेजारी बसा, जुना मजकूर मोठ्याने वाचा आणि मूल मध्येच काही विचारेल तेव्हा पुस्तक मिटून आधी त्याला खरं उत्तर द्या. आणि घास भरवण्यासाठी बागुलबुवाला बोलावणं आजपासून बंद करा.